दाराशी सांगितलेले दुखणे

हसत हसत दवाखान्यात येणारा रोगी मी पस्तीसएक वर्षे पाहत आलो आहे. सर्दी-पडशाच्या गप्पा होतात, पुड्या बांधून हातात पडतात आणि दाराशी पोचल्यावर तो मागे वळून खरे दुखणे सांगतो. 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' हा हॉलिवूडचा चित्रपट अशाच रोग्यासारखा आहे.

वॉर्नर ब्रदर्सच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन मर्व्हिन लरॉयचे, तर नृत्ये बस्बी बर्कलीची. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नाचणाऱ्या मुलींची ही पडद्यामागची विनोदी कथा. आरंभी नाण्यांचे पोशाख ल्यालेल्या मुली सुबत्तेचे गाणे गात असतात. जिंजर रॉजर्स सर्वांच्या पुढे. तालीम रंगात आलेली असतानाच जप्तीची माणसे शिरतात. निर्मात्याने बिले थकवलेली. पडदे, सामान, मुलींच्या अंगावरचे पोशाखसुद्धा ओढून नेले जातात. पुढच्याच प्रसंगात या मुली शेजाऱ्याच्या खिडकीतली दुधाची बाटली पळवतात.

प्रेक्षक हसले असतील, पण हा विनोद त्यांच्या घरचाच होता. त्या वर्षी अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे सुमारे एक बेकार होता. मार्चमध्ये देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

मग बॉस्टनची श्रीमंत मंडळी येतात, गैरसमज होतात, प्रेम जमते. विजेने उजळलेली व्हायोलिने घेऊन मुली अंधारात गिरक्या घेतात. अखेर तीन जोड्या जुळतात. विनोदिका इथे संपायला हवी. पण पडदा पुन्हा वर जातो.

त्या गाण्यापूर्वीचा थोडा इतिहास सांगायला हवा. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना १९२४ च्या कायद्याने भत्ता मंजूर झाला होता, मात्र तो मिळायचा १९४५ मध्ये. मंदीत उपाशी पडलेले हजारो माजी सैनिक ती रक्कम आताच द्या, असे म्हणत १९३२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला जमले. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हुकमतीखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हुसकावण्यात आले. त्यांच्या झोपड्या जळाल्या.

वर्षही झाले नव्हते, तोच हे गाणे पडद्यावर आले. दिव्याच्या खांबाखाली जोन ब्लाँडेल. पोलीस एका भटक्याला पकडू पाहतो, तेव्हा ती त्याच्या कोटाची कड उलटून आत लावलेले पदक दाखवते. खिडकीत बसलेली कृष्णवर्णीय गायिका एटा मोटेन तेच दुःख गाते. मग वाजतगाजत निघालेले सैनिक, पावसात परतणारे जखमी आणि शेवटी फुकट अन्नासाठी लागलेली रांग. बर्कली स्वतः त्या युद्धात तोफखान्याचा लेफ्टनंट होता, सैनिकांची कवायत त्याने घेतली होती. इथली पावले त्याला कुणी शिकवावी लागली नाहीत.

हे गाणे मुळात शेवटी नव्हते. स्टुडिओच्या प्रमुखांवर त्याचा इतका परिणाम झाला की त्यांनीच ते अखेरीस नेले. सैनिकांना तो भत्ता लवकर देण्याचा कायदा १९३६ मध्ये झाला, तोही राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून. त्याचे श्रेय चित्रपटाला देण्याचे कारण नाही. पण हसायला आलेल्या माणसाला दाराशी थांबवून खरे दुखणे सांगण्याचे काम त्याने केले.

आपण हा चित्रपट पाहाल, तेव्हा लग्ने जुळली म्हणून उठू नका.