देखरेख कोणावर?

शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्याची एक अडचण सहसा बोलून दाखविली जात नाहीं. ज्या वस्तूसाठीं तो पैसे मोजतो ती त्याला आधीं पाहतां येत नाहीं. फी अगोदर भरावयाची, घर सोडावयाचें, आणि कॉलेज कसें आहे तें मात्र तेथें पोंचल्यावर कळावयाचें. तें निकृष्ट निघालें तरी सहज मागें फिरतां येत नाहीं. कारण त्या देशांत राहण्याचा परवानाच बहुधा त्या कॉलेजच्या प्रवेशावर मिळालेला असतो. म्हणून अशा शिक्षणावर सरकारची देखरेख असावी हें कोणासहि पटेल. परंतु ती शिकविणाऱ्यावर असावी कीं शिकणाऱ्यावर, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. या बाबतींतील दोन देशांचा इतिहास पाहिला तर सरकारचा डोळा विद्यार्थ्याकडे फार लवकर वळतो, आणि संस्थेकडे तो वळावयास एखादा अनर्थ घडावा लागतो, असें दिसून येतें.

पहिलें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. १९०५ सालीं श्यामजी कृष्णवर्मा यांनीं लंडनमध्यें ‘इंडिया हाऊस’ हें वसतिगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं सावरकर तेथें दाखल झाले. १९०७ सालीं भारतमंत्री मोर्ले यांनीं विलायतेंतील हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक समिति नेमिली. तिचे अध्यक्ष सर विल्यम ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्यांत नोकरी केलेले मुलकी अधिकारी होते. समितीचा अहवाल तेव्हां प्रसिद्ध झाला नाहीं. तो उजेडांत येण्यास १९२२ साल यावें लागलें. मात्र १९०९ सालीं इंडिया ऑफिसांत विद्यार्थ्यांना माहिती व सल्ला देणारा विभाग निघाला, आणि टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांची त्यावर नेमणूक झाली. अर्नोल्ड हे अलीगड व लाहोर येथें अध्यापन केलेले नामांकित विद्वान. तरीहि पुष्कळ विद्यार्थी या विभागाकडे संशयानेंच पाहत. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं मदनलाल धिंग्रा यांनीं भारतमंत्र्यांचे राजकीय सहायक कर्झन वायली यांचा वध केला, आणि दोन्ही बाजूंचा अविश्वास अधिकच दृढ झाला. मदतीचा हात आणि पहाऱ्याचा डोळा एकाच धन्याचे आहेत, ही विद्यार्थ्यांची समजूत त्यानंतर सहजासहजीं जाणें शक्य नव्हतें. १९२१ सालीं लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखालीं पुन्हां समिति नेमावी लागली, यांतच पहिल्या प्रयत्नाचें अपयश दिसतें.

तें राज्यच परकें होतें, तेव्हां हा दोष पारतंत्र्याचा, देखरेखीचा नव्हे, असें कोणी म्हणेल. म्हणून ज्या देशानें परदेशी विद्यार्थ्यांच्या संरक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला, त्या ऑस्ट्रेलियाचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

१९५० सालीं कोलंबो येथें राष्ट्रकुलाच्या मंत्र्यांची परिषद भरली व तींतून कोलंबो योजना निघाली. तिच्या अन्वयें आशियांतील विद्यार्थी सरकारी वेतनावर ऑस्ट्रेलियांत शिकूं लागले. त्या काळीं असा विद्यार्थी म्हणजे पाहुणा होता. १९८५ सालीं सरकारनें परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी घेण्याची मुभा विद्यालयांना दिली, आणि पाहुण्याचा गिऱ्हाईक झाला. लवकरच इंग्रजी शिकविणाऱ्या खासगी शाळांचें पेव फुटलें. १९८९ सालच्या तिआनानमेन चौकांतील हत्याकांडाच्या सुमारास चीनमधील अनेकांनीं या शाळांना आगाऊ फी भरली होती. पुढें व्हिसाचे नियम आवळले गेले, विद्यार्थी येईनात, कित्येक शाळा बुडाल्या, आणि लोकांचे पैसे परत करण्याचा भार सरकारवर पडला. मग १९९१ चा कायदा आला. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी आणि आगाऊ फी निराळ्या खात्यांत ठेवावी, हा त्याचा आशय. म्हणजे पहिली देखरेख निर्माण झाली ती पैशावर.

२००० सालीं अधिक व्यापक कायदा झाला. त्यांत फीच्या हमीसाठीं निधि होता, संस्थांसाठीं राष्ट्रीय आचारसंहितेची तरतूद होती. परंतु त्याच कायद्यांत असेंहि कलम होतें कीं, विद्यार्थ्यानें हजेरीची वा अभ्यासाच्या प्रगतीची अट मोडल्यास कॉलेजनें त्याला नोटीस द्यावी, आणि २८ दिवसांत त्यानें अधिकाऱ्यांपुढें जाऊन खुलासा केला नाहीं तर त्याचा व्हिसा आपोआप रद्द व्हावा. ज्या कॉलेजविरुद्ध विद्यार्थ्याची तक्रार असावयाची, त्याच्याच हातीं त्याच्या वास्तव्याची दोरी आली. अशा स्थितींत तक्रार करण्यास कोण धजेल?

याच सुमारास पाककला, केशकर्तन असे कांहीं अभ्यासक्रम कायम वास्तव्याचा जवळचा मार्ग ठरले, आणि ते शिकविणारीं खासगी कॉलेजें भराभर निघालीं. त्यांत हिंदी विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. २००९ सालीं मेलबर्नमध्यें त्यांच्यावर हल्ले झाले व त्यांनीं रस्त्यावर बसून निषेध केला. त्याच वर्षीं अनेक कॉलेजें एकाएकीं बंद पडलीं. तेव्हां कोठें ब्रूस बेअर्ड यांच्याकडे कायद्याची फेरतपासणी सोंपविण्यांत आली; त्यांचा अहवाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या सुधारणा झपाट्यानें झाल्या. २०११ सालीं उच्च शिक्षणाचा दर्जा तपासणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था कायद्यानें स्थापन झाली, व्यवसायशिक्षणासाठीं दुसरी निघाली, आणि खासगी कॉलेजांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा लोकपालहि नेमला गेला. २०१२ पासून कॉलेज बंद पडल्यास विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा किंवा उरलेली फी मिळण्याची व्यवस्था झाली. व्हिसा आपोआप रद्द करणारी पद्धत २०१३ सालीं बंद झाली.

या क्रमाकडे लक्ष द्यावें. आधीं पैशाचें रक्षण झालें, मग विद्यार्थ्याच्या हजेरीवर पहारा बसला, आणि कॉलेजांत काय व कसें शिकविलें जातें याची नीट तपासणी सर्वांत शेवटीं आली. वस्तुतः तिचा मान पहिला. कर्ज काढून किंवा जमीन गहाण ठेवून मुलाला परदेशीं धाडणाऱ्या कुटुंबाला फी कदाचित् परत मिळेल. मुलाच्या उमेदीचीं गेलेलीं दोन वर्षें कोणताहि निधि परत देणार नाहीं.

विद्यार्थ्याच्या वर्तनाची चौकशी करण्याचा अधिकार यजमान देशास नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ती चौकशी आणि शिक्षणाच्या दर्जाची तपासणी हीं दोन कामें वेगळ्या हातांत असावीं, आणि तक्रार करणाऱ्याचें आसन तक्रारीमुळें डळमळूं नये. लंडनच्या विभागाला हें साधलें नाहीं. ऑस्ट्रेलियाला तें अर्धवट साधावयास वीस वर्षें व दोन संकटें लागलीं. आपल्या मुलांना परदेशीं पाठवितांना कॉलेजच्या नांवाबरोबर एवढें विचारून ठेवावें कीं, या कॉलेजचा दर्जा कोण तपासतो, आणि तें चुकलें तर आमच्या मुलाचें ऐकून घेणारा तेथें कोणी आहे काय?