घाटावरचे पाणी

दिवाळीत बटण दाबताच दिवा लागतो. त्या उजेडामागचा एक इतिहास मला खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरील कालव्यात दिसतो. हा कालवा शेतासाठी नव्हे, विजेसाठी बांधलेला.

मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी पाण्याच्या बळावर चालाव्यात, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ साली वारले; पुत्रांनी काम तडीस नेले. १९११ साली लोणावळ्यास कोनशिला बसली. सह्याद्रीवर पाऊस चारच महिने, गिरण्यांना वीज हवी बारा महिने. म्हणून लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून पाणी साठविले. कालव्याने ते कड्यापाशी आणले. तेथून नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस उतरून ते यंत्रे फिरवू लागले. १९१५ साली वीज मुंबईस पोहोचली.

पुढे टाटांचे असेच धरण मुळशीस व्हावयाचे ठरले. भातखाचरे बुडणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापट त्यात अग्रभागी होते, तुरुंगातही गेले. तरी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

वर्गात मी खोपोली आणि मुळशी एकाच तासाला शिकवतो. टाटांची दूरदृष्टी खरी, मावळ्यांची बुडालेली खाचरेही खरी. वाचकहो, यांतले एक गाळले, तर मुलांच्या हाती अर्धाच इतिहास पडेल.