केराचा मक्ता आणि केराचें कंत्राट

मक्ता आणि कंत्राट हे दोन शब्द आपण आतां बहुधा एकाच अर्थानें वापरतों. मूळांत त्यांच्यांतून पैशाचा ओघ उलट दिशांनीं वाहतो. ज्यांत घेणारा सरकारला रक्कम भरतो आणि मग आपली वसुली करतो, तो मक्ता. उदाहरणार्थ, बाजाराच्या वसुलीचा किंवा नदीच्या उताराचा. ज्यांत सरकार काम करणाऱ्याला रक्कम देतें तें कंत्राट. जसें रस्त्याचें किंवा पुलाचें. आतां घरोघरचा केर उचलणें हें यांपैकीं कोणत्या सदरांत बसतें, असें विचारलें तर कोणीहि गृहस्थ हंसून म्हणेल कीं, केरासाठीं कोण पैसे भरणार! परंतु लंडन शहरांत असा एक काळ होऊन गेला कीं, केर हा मक्त्याचा माल होता, आणि तो नेण्याच्या हक्कासाठीं व्यापारी मोठमोठ्या रकमा मोजीत. पुढें हा मक्ता उलटला आणि त्याचें कंत्राट झालें. तो कां उलटला, आणि उलटल्यावर कोणाच्या दारीं काय वाढून ठेवलें, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम हा मक्ता देत कोण, तें पाहूं. लंडन एवढें अवाढव्य शहर, पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या सबंध शहराची अशी एक नगरपालिका नव्हती. मध्यभागच्या जुन्या ‘सिटी’ला तिची प्राचीन कॉर्पोरेशन होती. 1835 सालीं इंग्लंडांतील बहुतेक शहरांच्या कारभाराची फेररचना करणारा कायदा झाला, त्यांतूनहि लंडन वगळलें गेलें. बाकीच्या वस्तीचा कारभार पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणें पडलेल्या पेट्यांकडे होता. प्रत्येक पेट्याची सभा चर्चमधील वस्त्रें ठेवण्याच्या खोलींत भरे. त्या खोलीवरून सभेचेंच नांव ‘व्हेस्ट्री’ पडलें. मॅरिलेबोन, पॅडिंग्टन, इझलिंग्टन, शोअरडिच अशा या सभा. सभासद म्हणजे त्याच पेट्यांतले करदाते. दुकानदार, घरमालक, लहानमोठे व्यापारी. पट्टी वाढूं द्यावयाची नाहीं, ही त्यांची मोठी निष्ठा. केराच्या कामासाठीं हे लोक मुदतीचा करार करीत, निविदा मागवीत, आणि ज्याचा आंकडा सोयीचा त्याला काम देत. हा देखावा आपल्याकडील कोणत्याहि नगरपालिकेच्या सभागृहांत ओळखीचा वाटेल.

अपरिचित गोष्ट आहे ती केराची. त्या काळचें लंडन कोळशावर जगत होतें. चुलीवर कोळसा, खोली ऊब करावयास कोळसा. त्यामुळें घरच्या केरांत मुख्य भाग राखेचा. इंग्रजींत केर नेणाऱ्याला ‘डस्टमॅन’ आणि केराच्या पेटीला ‘डस्टबिन’ म्हणूं लागले, त्यांतला ‘डस्ट’ म्हणजे रस्त्यावरची धूळ नव्हे. ती ही राख. हेन्री मेह्यू या पत्रकारानें 1851 च्या सुमारास लंडनच्या श्रमजीवी लोकांची जी विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली, तींत शहरांतून वर्षाला सुमारें 9 लाख टन अशी राख निघत असल्याचा अंदाज दिला आहे.

या राखेला गिऱ्हाईक होतें वीटभट्टीवाल्यांचें. लंडनभोंवतालच्या मातीची वीट पाडतांना चाळलेली बारीक राख त्या मातींतच मिसळीत. राखेंत अर्धवट जळलेल्या कोळशाचे कण असत. ते विटेच्या पोटांत आंतून जळत आणि वीट सर्वत्र सारखी भाजे. भरड निखारे विटांच्या थरांमध्यें पसरून भट्टी पेटवीत. लंडनच्या जुन्या पिवळसर विटांच्या घरांकडे पाहतांना हें लक्षांत ठेवावें कीं, त्या विटांत आधींच्या पिढीच्या चुलींची राख आहे. केराच्या आवारांतून गलबतांत भरून हा माल टेम्स नदीनें केंट परगण्यांत जाई, आणि पॅडिंग्टनच्या कालव्यानें मिडलसेक्सच्या भट्ट्यांकडे जाई. परतीच्या खेपेस त्याच नावांतून विटा शहरांत येत. शहर वाढे तशा विटा अधिक लागत, आणि विटा लागत तशी राख महाग होई.

राख गेली तरी ढिगांत माल उरेच. हाडें साबणाच्या आणि सरसाच्या कारखान्यांत जात, चिंध्या कागदाच्या गिरणींत, फुटकीं भांडीं आणि कालवांचे शिंपले रस्त्याच्या पायांत. जुन्या जोड्यांच्या चामड्यापासून ‘प्रशियन ब्ल्यू’ नांवाचा निळा रंग करीत. राहिला भाजीपाल्याचा व अन्नाचा कुजका भाग; तो शेतांत खत म्हणून जाई, पण त्याला भाव बेताचा. हा शेवटचा मुद्दा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें सगळें गाडें तेथेंच अडलें.

केराला अशी किंमत असल्यावर केराची चोरीहि होणारच. मक्तेदाराची गाडी येण्यापूर्वीं दुसराच कोणी तरी घंटा वाजवीत येई आणि राख भरून पसार होई. अशांना ‘उडते डस्टमॅन’ म्हणत. मक्तेदार त्यांना न्यायाधीशापुढें उभे करीत, आणि दुसऱ्याच्या घरचा केर नेला म्हणून त्यांना शिक्षाहि होत. गृहिणीला मात्र यांत कांहीं वावगें वाटण्याचें कारण नव्हतें. केर कोणी कां नेईना, दार स्वच्छ झालें म्हणजे झालें! त्या काळीं एका दारावर दोघे केरवाले भांडत, आणि पुढें असा काळ आला कीं, आठवडेच्या आठवडे एकहि फिरकेना. किंग्ज क्रॉसजवळच्या एका प्रचंड ढिगाची तर दंतकथाच झाली. 1812 सालीं मॉस्को जळाल्यावर तें शहर पुन्हां बांधण्यासाठीं रशियानें तो ढीग विकत घेतला, असें लोक सांगत. गोष्ट खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटण्यासारखी होती, एवढें पुरे. डिकन्सच्या 1864-65 मध्यें क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’ या कादंबरींतली सारी इस्टेट अशाच केराच्या ढिगांवर उभी आहे, हें इंग्रजी वाचकांना आठवेल.

पण ढिगांतून माल निघे तो आपोआप नव्हे. आवारांत ढिगाच्या पायथ्याशीं बायका बसलेल्या असत. एक माणूस फावड्यानें त्यांच्या चाळणींत राख टाकी. त्या लोखंडी चाळणी हलवून बारीक राख खालीं पाडीत आणि वर राहिलेलें एकेक वेगळें करीत. हाडें एका टोपलींत, चिंध्या दुसरींत, निखारे तिसरींत. कमरेला कातड्याचें जाड आवरण, हात कोंपरापर्यंत राखेनें माखलेले, आणि कंबरेपर्यंत धुळींत रुतलेल्या. हिंवाळा असो, पाऊस असो, काम उघड्यावर. मक्तेदाराच्या नफ्याचा कस लागे तो या चाळणींत. व्हेस्ट्रीला मिळणारी रक्कमहि अखेर येथूनच निघे. तरी करारनाम्यांत पक्ष दोनच, व्हेस्ट्री आणि मक्तेदार. चाळणारीचा उल्लेख त्यांत कोठें येण्याचें कारणच कोणास दिसलें नाहीं.

आतां मक्ता उलटला कसा तें पाहूं. 1820 नंतरच्या कांहीं वर्षांत लंडनमध्यें घरबांधणीची एकच धांदल उडाली होती. 1825 च्या अखेरीस पेढ्या बुडाल्या, सट्टा कोसळला आणि बांधकामें थंडावलीं. विटांची मागणी घटली, तसा राखेचा भाव घसरला. भाव घसरला म्हणून लोकांनीं चुली विझविल्या नाहींत! लंडनची वस्ती 1801 सालीं साडेनऊ लाखांच्या घरांत होती, ती 1851 पर्यंत साडेतेवीस लाखांच्या पुढें गेली. केर वाढत राहिला आणि त्याचें गिऱ्हाईक मात्र तेवढ्या वेगानें वाढेना. मक्तेदार आधीं रक्कम कमी करून मागूं लागले. मग कांहींच न देतां नेतों म्हणाले. आणि शेवटीं, नेण्याचेच पैसे द्या, असें म्हणूं लागले. प्रत्येक पेट्यांत हें एकाच वर्षीं घडलें असें नाहीं. भाव मध्येंच सुधारे, तेव्हां एखादी व्हेस्ट्री पुन्हां चार पैसे मिळवी. तथापि ओघ वळला तो वळलाच.

येथें व्हेस्ट्रीची अडचण नीट समजून घेतली पाहिजे, नाहीं तर आपण त्या सभासदांना उगाच मूर्ख ठरवूं. ज्याच्यापाशीं घोडे आहेत, गाड्या आहेत आणि पाण्याच्या कांठीं ऐसपैस आवार आहे, तोच हें काम करूं शके. असे लोक थोडे, आणि ते एकमेकांना ओळखणारे. निविदा मोहोरबंद असली तरी स्पर्धा खरी असतेच असें नाहीं. शिवाय सभासदांच्या डोळ्यांपुढें मागच्या वर्षांची जमेची बाजू होती. कालपर्यंत ज्या केरानें पट्टी हलकी केली, त्याच केरासाठीं आज पट्टी वाढवा, हें करदात्यांना सांगावयाचें कोणीं? मग सर्वांत कमी रक्कम मागणाऱ्याला काम द्यावें, आणि तो तें कसें करतो इकडे फारसें पाहूं नये, हा मार्ग सोपा.

त्याचें फळ ठरलेलेंच होतें. मक्ता होता तोंवर केर नेण्यांत मक्तेदाराचा स्वार्थ होता. गाडी जितकी भरे तितका लाभ. ठराविक रकमेचें कंत्राट झाल्यावर न नेण्यांत स्वार्थ आला. गाडी जितकी कमी फिरे तितकी बचत. मोठ्या घरांतून चांगले निखारे निघत आणि नोकरमाणसें बियरसाठीं चिरीमिरी देत, तेव्हां तेथें गाडी जाई. गरिबांच्या बोळांतल्या पेट्या तुंबत. कांहीं पेट्यांत पुढें अशी युक्ति निघाली कीं, केर न्यावयाचा असेल त्या घरानें ‘डी’ अक्षराचें पत्रक खिडकींत लावावें. म्हणजे तक्रार करण्याचें कामहि घरधनिणीच्याच माथीं! आणि पेटींत तुंबून राही तो नेमका अन्नाचा आणि भाजीपाल्याचा भाग. पटकीच्या सांथी लंडनमध्यें 1832, 1848-49, 1854 आणि 1866 सालीं आल्या. पटकी पाण्यांतून पसरते हें आज सर्वांना ठाऊक आहे, तेव्हां केराच्या पेटीवर तो आरोप ठेवतां येणार नाहीं. परंतु त्या काळच्या लोकांचा समज दुर्गंधीनेंच रोग होतो असा होता, आणि या समजामुळें कां होईना, केर हा पार्लमेंटचा विषय झाला. 1855 च्या कायद्यानें व्हेस्ट्र्यांची पुनर्रचना होऊन केर नेण्यासाठीं नोकर नेमणें किंवा कंत्राट देणें हें त्यांचें कर्तव्य ठरलें. 1891 च्या कायद्यानें तें बंधन अधिक कडक केलें. शतक संपेपर्यंत पुष्कळ व्हेस्ट्र्यांनीं कंत्राटदाराला रजा देऊन स्वतःचे घोडे व माणसें ठेवलीं.

केर जाळण्याची भट्टी अल्फ्रेड फ्रायर यानें 1874 सालीं नॉटिंगहॅम येथें उभारली होती. शोअरडिचच्या व्हेस्ट्रीनें 1897 सालीं त्यापुढें मजल मारली. केर जाळून त्या उष्णतेनें वीज निर्माण करणारें केंद्र तिनें काढलें. त्याचें उद्घाटन लॉर्ड केल्व्हिन यांच्या हस्ते झालें. दर्शनी भिंतीवर लॅटिनमध्यें कोरलें, ‘धुळींतून प्रकाश आणि शक्ति’. एका गरीब पेट्याच्या सभेनें केलेला हा पराक्रम मला तरी मोठ्या राजवाड्यांहून अधिक कौतुकाचा वाटतो.

मुंबईला इंग्रजांनीं नगरपालिकेची कल्पना दिली, पण राखेचें गिऱ्हाईक देतां येणें शक्य नव्हतें. आपल्या घरचा केर मुळांतच निराळा; भाजीचीं देंठें, फळांच्या साली, झाडलोटीची माती. तेव्हां केर हा मुंबईला विकण्याचा माल न होतां पहिल्यापासून ओझेंच राहिला. 1865 सालीं आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले, तेव्हांपासून शहरसफाई हा पट्टीचा आणि खर्चाचा विषय आहे. मैला नेण्यासाठीं तर ‘हलालखोर पट्टी’ अशी वेगळीच कर-बाब 1888 च्या कायद्यांत होती. शहरांत केर टाकावयास जागा पुरेना, तेव्हां 1906 सालीं कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत लोहमार्ग टाकला, तो केराच्या वाघिणींसाठीं. त्या मार्गावरून उतारूंची वाहतूक सुरू झाली ती 1924 मध्यें. हार्बर मार्गानें रोज कचेरीस जाणाऱ्या हजारों लोकांना आपल्या आगगाडीचे मूळचे उतारू कोण, याची कल्पना क्वचितच असेल.

आजच्या नगरपालिकांत कंत्राटदाराला बहुधा वजनावर, दर टनामागें पैसे देतात. हें ठराविक रकमेपेक्षां बरें खरें, कारण गाडी फिरलीच पाहिजे. पण वजनावर पैसे मिळणाऱ्याला केर ओला असलेला बरा, त्यांत बांधकामाची माती मिसळलेली अधिक बरी, आणि ओला-सुका वेगळा करून वजन घटविणारा मनुष्य मात्र नकोसा. कराराचें माप बदललें कीं स्वार्थाची दिशा बदलते. सभासदांनीं दराच्या आंकड्याइतकेंच या मापाकडे लक्ष दिलें तर पुष्कळ कज्जे वाचतील.

राहतां राहिली ती चाळणारी. पुण्यांत रस्त्यावरचा कागद, कांच, पत्रा वेंचून जगणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें 1993 सालीं उभी राहिली. या कष्टकऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यांतल्या पुष्कळ दलित समाजांतल्या. त्यांच्यांतूनच पुढें ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि 2008 सालीं पुणें महानगरपालिकेनें घरोघरचा केर गोळा करण्याचा करार तिच्याशीं केला. त्या करारानें कष्टकरी बाई दारोदार जाऊन केर घेई, घरवाल्यांकडून ठरलेली महिन्याची रक्कम स्वतः वसूल करी, आणि वेगळा काढलेला सुका माल विकण्याचा हक्कहि तिचाच राही. म्हणजे एकाच कागदांत थोडें कंत्राट आणि थोडा मक्ता. आणि लंडनच्या आवारांत कंबरभर राखेंत उभी असलेली ती बाई येथें दुसरा पक्ष म्हणून सही करणारी.