श्रेणीचा शब्द आणि सरकारी शिक्का

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख कोरलेला आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने 3000 कार्षापणे ठेव म्हणून दिली. कोठे ठेवली म्हणाल? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे! 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक पडिक व्याजाने. 1000 दुसरीकडे, पाऊण पडिक व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे खावयाचे. आता पाहा, राजाच्या जावयाने एवढी रक्कम मागवाल्यांच्या हवाली केली ती कशाच्या भरवशावर? मागावर बसणाऱ्याला त्याचे काम येते, आणि ते उद्याही येईल, याच ना?

आपल्या काळात हा भरवसा कागदाकडे गेला. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर ठरू लागले, म्हणजे कामगार कोणत्या रकान्यात बसतो यावर त्याच्या घरची चूल अवलंबून राहिली. 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. 1964 साली ओझरला विमानांचा कारखाना निघाला, पुढे सातपूर गजबजले. मोठ्या कारखान्याला लेखी दाखला लागतो, हे मी समजू शकतो. शेकडो माणसांतून निवड करणाराने प्रत्येकाचा हात कसा पाहावा? पण बापाशेजारी बसून जो शिकला त्याने दाखला आणावा कोठून?

योगायोग असा, की 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच गोवर्धनच्या परिसरात, गंगापूर धरणाजवळ उभे राहिले. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांना त्याने पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीची वाट मोकळी केली. फार मोठी गोष्ट होती ही. तरीसुद्धा दार उघडणे निराळे आणि हातात असलेली विद्या जमेस धरणे निराळे. फ्रान्सने 2002 च्या कायद्याने हे दुसरे केले: कामाचा अनुभव तपासून पूर्ण पदविका देण्याची सोय तेथे झाली. आपल्याकडे 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वी कमावलेले कसब पारखून प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. त्यात मला एकच विचारावेसे वाटते: पारखणारा कोण? विणकराची परीक्षा विणकरानेच घेतली तर ती परीक्षा. नाही तर नुसती हजेरी.

2023 च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. तिच्यात कारागिराला प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य होते. आरंभीच्या यादीत 18 धंदे होते. लोहार होता, सोनार होता, कुंभार होता, तांबट नव्हता. नाशिकच्या भांडीबाजारात तांब्याचा हंडा हाती घेऊन पाहा. त्यावरचे ते एकसारखे ठोके, ज्यांना मठारकाम म्हणतात, ते नुसत्या शोभेचे नसतात बरे का! त्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडे टिकते. ठोकता ठोकता पत्रा चिरण्याच्या बेतात कधी येतो आणि भट्टीत पुन्हा केव्हा तापवावा, हे जाणणारा मनुष्य त्या यादीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.