पुरती संपव, मग भर

१९८७ च्या दिवाळीत मामा मस्कतहून आला. त्याच्या बॅगेत मामीच्या साड्यांच्या घड्यांमध्ये एक खोकं होतं. त्यावर उडी मारणाऱ्या बग्गीचं चित्र आणि जपानी अक्षरं होती. तामिया कंपनीची हॉर्नेट. ती जोडायला आम्हाला चार दिवस लागले. बॅटरी मात्र मामाने स्वतः हातात घेऊन दाखवली: सहा जाडजूड सेल एका प्लास्टिकच्या वेष्टनात आवळलेले, ७.२ व्होल्ट, १२०० मिलीअँपिअर-अवर. "हे बघ," तो म्हणाला, "ही पुरती संपव, मग भर. अर्धवट असताना भरलीस तर तिला तेवढीच सवय लागते." मी सोळा वर्षांचा होतो. मामाचा शब्द म्हणजे शब्द. तो मी चोवीस वर्षं पाळला आणि एका रविवारी त्याच शब्दाने माझ्या भाच्याच्या हातात आग द्यायची वेळ आणली.

मामाचं चुकलेलं नव्हतं. त्याच्या काळातल्या बॅटरीला ते लागू होतं. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचा इतिहास लोक मॉडेलांच्या नावांनी सांगतात. मला तो बॅटरीच्या नावांनी आठवतो, कारण प्रत्येक वेळी बॅटरी बदलली की गाडीवाल्यांच्या हाताची सवय बदलावी लागली, आणि सवय बॅटरीपेक्षा उशिरा बदलते.

१९६६ मध्ये इटलीतल्या एल-जी या छोट्या कंपनीने एकास बारा मापाची फेरारी २५० एलएम रेडिओवर चालवून विकायला काढली. मोठी लाट आली ती जपानमधून. शिझुओकाच्या तामियाचं सेलशी नातं त्याआधीपासूनचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत दोन सेल बसले पाहिजेत या हिशोबाने त्याचं माप ठरलं. ते एकास पस्तीस निघालं, आणि आज जगभरचे मॉडेलवाले लष्करी गाड्या त्याच मापात बनवतात. एका साध्या सेलच्या जाडीने अख्ख्या छंदाचं माप ठरवावं, हे मला अजूनही थोर वाटतं. पुढे डिसेंबर १९७६ मध्ये त्यांची रेडिओवरची पोर्शे ९३४ आली आणि १९८४ मध्ये आमची हॉर्नेट.

या गाड्यांना जीव दिला निकेल-कॅडमियमने. हा सेल दणकट होता. हवा तेवढा करंट द्यायचा, शेकडो वेळा भरून घ्यायचा, रिकामा पडून राहिला तरी फारसं मनावर घ्यायचा नाही. त्याची एक खोड होती, तिला 'मेमरी' म्हणत. ती आधी उपग्रहांमधल्या सेलमध्ये दिसली. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो तेव्हा दर फेरीला बॅटरी अगदी तेवढीच उतरते आणि तेवढीच भरते. असं वर्षानुवर्षं झालं की सेल त्या ठरावीक जागेपाशी ढेपाळायला लागतो. गाडीवाल्यांनी ही गोष्ट ऐकली आणि तिचं व्रत केलं. शर्यत संपली की प्रत्येक सेलला बल्ब किंवा रोध लावून तो तळापर्यंत रिकामा करायचा. आमच्याकडे स्कूटरचा बारा व्होल्टचा बल्ब होता. तो आधी पिवळा पेटायचा, मग नारिंगी, मग आतली तार विझत्या निखाऱ्यासारखी लाल. ती पूर्ण काळी पडली की मी रात्रभरासाठी चार्जर लावायचो. त्या विझत्या तारेकडे बघत बसण्यात एक समाधान असायचं.

निकेलच्या सेलचा दुसरा गुण होता तो चार्जरवाल्यांच्या कामाचा. सेल भरला की त्याचं व्होल्टेज वर चढायचं थांबून किंचित खाली येतं. नंतर आलेले जलद चार्जर त्या किंचित उताराची वाट बघत बसायचे आणि तो दिसला की बंद व्हायचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९१ मध्ये मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला लागलो आणि माझी नेमणूक बॅटरी रूममध्ये झाली. दोन-दोन व्होल्टचे चोवीस शिसे-आम्लाचे सेल ओळीने मांडलेले, कमरेइतके उंच. वीज गेली तरी शहराचे फोन याच सेलवर चालायचे. खोलीत आम्लाचा आंबूस वास, पंखा कायम सुरू, आत काडी ओढायला सक्त मनाई. त्या चोवीसांपैकी एकाला 'पायलट सेल' म्हणत. रोज सकाळी त्याची घनता हायड्रोमीटरने मोजायची, तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. काचेच्या नळीत तो छोटा तरंगक १२१० च्या खुणेपाशी हलकेच डुलायचा. वरिष्ठ मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बॅटरी बोलत नाही, म्हणून वही ठेवायची." शिशाचा सेल रिकामा ठेवला तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि तो कायमचा जातो. म्हणून तिथला नियम होता: कधीही संपू द्यायची नाही.

म्हणजे दिवसा एक नियम, घरी गाडी काढली की बरोबर उलटा. दोन्ही मी बिनचूक पाळत होतो. असं का, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की 'बॅटरीची काळजी' असं सरसकट काही नसतं. शिशाची वेगळी, निकेलची वेगळी.

मधल्या काळात कॅडमियम विषारी म्हणून मागे पडलं आणि निकेल-मेटल हायड्राइड आलं. आकार तोच, ७.२ व्होल्टही तेच, दम दुप्पट-तिप्पट. हे सेल रिकामे ठेवले तर मरत, त्यामुळे तेव्हाच माझी सवय ढिली व्हायला हवी होती. पण त्या वर्षांत संसार होता, बदल्या होत्या. हॉर्नेट कपाटावर पडून होती.

लिथियमची वाट लांबची आहे. सत्तरच्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्झॉन कंपनीत पुन्हा भरता येणारी लिथियम बॅटरी बनवली. तिच्यात शुद्ध लिथियम धातू होता आणि तो पेट घ्यायचा. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांना कोबाल्ट ऑक्साइड सापडलं. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी कार्बन वापरला. १९८६ मध्ये त्यांनी चाचणीच्या मैदानावर या बॅटरीवर लोखंडी वजन पाडून बघितलं. धातूवाली भडकली, त्यांची भडकली नाही. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. 'पॉलिमर' म्हणतात ती याच कुळातली. पत्र्याच्या डब्याऐवजी तिला ॲल्युमिनियमचा थर असलेली पातळ पिशवी असते, म्हणून हलकी. आतलं द्रव्य बिघडून वायू झाला तर डबा तो दाबून धरतो, पिशवी उशीसारखी फुगते. ते फुगणं म्हणजे बॅटरीने दिलेली सूचना असते.

ही बॅटरी आधी विमानवाल्यांनी उचलली, कारण त्यांना एकेक ग्रॅम महत्त्वाचा. गाड्यांत ती २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली, आणि तिथे एक योगायोग घडला. लिथियमचा एक सेल ३.७ व्होल्टचा, दोन मिळून ७.४. निकेलचे सहा मिळून ७.२. म्हणजे जुन्या गाडीत नवी बॅटरी तशीच बसते! खडबडीत जमिनीवर पिशवीला मार लागू नये म्हणून तिच्यावर कडक कवच चढवलं, आणि ते कवच जुन्या सहा सेलच्या मापाचं केलं. खाच तीच, बऱ्याचदा प्लगही तोच. मला ही त्या काळातली सगळ्यात घातक सोय वाटते. प्लग तोच असेल तर जुना चार्जरही लागतो. आणि तो चार्जर तर व्होल्टेजच्या उताराची वाट बघत बसणारा! लिथियममध्ये तसा उतार येतच नाही. सेलला ४.२ व्होल्टला थांबवावं लागतं आणि तिथे धरून करंट हळूहळू कमी करावा लागतो. जुना चार्जर वाट बघत राहतो, बॅटरी भरतच जाते.

२०११ च्या मे महिन्यात माझा भाचा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आला. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून त्याने ब्रशलेस मोटरची गाडी घेतली होती, सोबत ५००० मिलीअँपिअर-अवरची पॉलिमर बॅटरी. सोसायटीच्या मैदानात आम्ही ती मनसोक्त पळवली. वर आल्यावर मी त्याला मामाचं वाक्य दिलं, जसंच्या तसं. तो म्हणाला, "मामा, पुस्तिकेत वेगळं लिहिलंय." मी म्हणालो, "वीस वर्षं बॅटऱ्याच सांभाळतोय रे मी." स्कूटरचा बल्ब काढला आणि रात्रभर लावून ठेवला. सकाळी तार काळी होती.

त्याचा चार्जर ती बॅटरी घेईना. व्होल्टेज फार कमी, असं पडद्यावर दाखवून थांबायचा. ती चार्जरची शहाणी नकारघंटा होती. मी चार्जर निकेलच्या खुणेवर लावला, 'जरा वर आणू आणि मग बदलू' म्हणून. वर आलीही. मग लिथियमवर घेतलं आणि आम्ही चहा प्यायला बसलो. पंधरा-वीस मिनिटांत गॅलरीतून गोडसर वास आला, नेलपॉलिशसारखा. कवचाची शिवण उकलली होती आणि आतली चंदेरी पिशवी बाहेर येऊ बघत होती. भाच्याने हात पुढे केला. मी ओरडलो. वायर ओढून काढली, स्वयंपाकघरातल्या लांब चिमट्याने बॅटरी उचलून तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत ठेवली आणि वर बांधकामाची वाळू ओतली. धूर आला, ज्वाळा आली नाही. हा धूर हुंगायचा नसतो, त्यात फ्लोरिनची घातक संयुगं असतात. ते तेव्हा मला माहीत नव्हतं, फक्त दारं उघडायचं सुचलं.

काय झालं होतं ते मी नंतर नीट वाचून काढलं. लिथियमचा सेल अगदी तळाला नेला की आतल्या ऋण बाजूची तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. पुन्हा भरायला घेतलं की ते तांबं भलत्याच ठिकाणी जमतं आणि दोन थर आतल्या आत जोडले जातात. म्हणजे मी ज्याला बॅटरी 'मोकळी करणं' म्हणत होतो, ते तिची आतली भिंत पोखरणं होतं. मोबाइलच्या बॅटरीत असं होऊ नये म्हणून रक्षणाचं सर्किट असतं. गाडीच्या बॅटरीत बहुधा ते नसतं, एवढा करंट त्यातून न्यायचा कसा! ती राखण आपल्यालाच करावी लागते.

त्यानंतर आमच्याकडे वही आली. एक्सचेंजमधली पद्धत होती, इथे नव्याने. सेल ३.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पळवून गरम झालेली बॅटरी निवल्याशिवाय भरायची नाही. ५००० च्या बॅटरीला पाच अँपिअर, घाई असली तरी जास्त नाही, आणि बारीक पांढरा प्लग लावून दोन्ही सेल बरोबरीने. भरताना फरशीवर, पत्र्याच्या पेटीत, झाकण सैल, आणि घरातलं एक माणूस जागं आणि समोर. आठवडाभर गाडी निघणार नसेल तर बॅटरी भरलेली ठेवायची नाही, रिकामीही नाही, सेलमागे ३.८ वर ठेवायची. मामाच्या 'पुरती' या शब्दाला इथे जागाच नाही, ही बॅटरी मध्यावर विसावते. उन्हाळ्यात मोटारीच्या डिकीत विसरायची नाही. फुगली तर दाबून बघायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. तिचा शेवट ई-कचरा घेणाऱ्याकडे.

भाचा आता बंगळुरूला असतो. मागच्या डिसेंबरात विमानाने आला तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीत दोन बॅटऱ्या होत्या, प्लगवर चिकटपट्टी लावलेल्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या बॅगेत घालता येत नाहीत, आणि १०० वॉट-अवरच्या आतली असेल तर हाताशी चालते. आमची ३७ ची. माझ्या मामाने १९८७ मध्ये बॅटरी साड्यांत गुंडाळून आणली होती आणि तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही हॉर्नेट खाली काढली. तिचा वेग ठरवणारा भाग जुना, यांत्रिक. बॅटरी उतरली म्हणून तो स्वतःहून थांबत नाही. म्हणून भाच्याने बॅटरीच्या पांढऱ्या प्लगला बोटाएवढा भोंगा लावला, ३.५ वर. गच्चीवर अडतीस वर्षांची गाडी पाण्याच्या टाकीला वळसे घालत राहिली. भोंगा वाजला तेव्हा मी अजून एक फेरी मारू म्हणालो. "नाही मामा," तो म्हणाला आणि त्याने प्लग काढला. मीटर लावला: एक ३.६१, दुसरा ३.६२. निवल्यावर बॅटरी ३.८ पर्यंत भरली, आणि वहीत तारीख त्याने लिहिली.