आराखड्यावरील सदनिका आणि जमिनीचा प्रश्न : महाराष्ट्रातील १९६३ च्या कायद्याचा ऐतिहासिक विचार

मुंबईत मालकी तत्त्वावरील सदनिकांची पद्धत रुजली, तिच्या मुळाशी भाड्याच्या घरांची टंचाई होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकली. परिणामी चाळी बांधून भाड्याने देणे भांडवलदारास किफायतशीर राहिले नाही. त्याऐवजी भावी रहिवाशांकडून आगाऊ हप्ते घेऊन त्यांतूनच इमारत उभारण्याची रीत पुढे आली. या अवस्थेत ग्राहकाच्या हाती नकाशा आणि पावती यांखेरीज फारसे काही नसे.

या व्यवहारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने २० मे १९६० रोजी समिती नेमली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते, यावरून प्रश्नाची तीव्रता ध्यानात यावी. समितीचा अहवाल जून १९६१ मध्ये सादर झाला आणि त्यातून १९६३ चा, ‘मोफा’ या नावाने ओळखला जाणारा अधिनियम साकारला. किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम न घेणे, लेखी व नोंदणीकृत करार, ग्राहकांच्या पैशांसाठी स्वतंत्र खाते, ताबा न दिल्यास व्याजासह परतावा या तरतुदी आजही दूरदृष्टीच्या वाटतात. त्यांच्या अंमलबजावणीसाठी मात्र स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली नाही. ग्राहकास फौजदारी तक्रार किंवा दिवाणी दावा हाच मार्ग उरला.

तथापि खरी मेख जमिनीच्या हस्तांतरणात होती. कलम ११ अन्वये जमीन व इमारत रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून देणे प्रवर्तकावर बंधनकारक होते. १९६४ च्या नियमांनी त्यासाठी संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांची मुदत घातली. परंतु ती करारात अन्य मुदत ठरली नसेल तरच लागू होई. कराराचा मसुदा प्रवर्तकाचा, सही ग्राहकाची! ‘संपूर्ण प्रकल्प पूर्ण झाल्यावर’ एवढी शब्दरचना हस्तांतरण वर्षानुवर्षे लांबविण्यास पुरेशी ठरे.

हा विलंब केवळ आळसाचा नव्हता. कायदा झाला तेव्हा मुंबईत चटईक्षेत्र निर्देशांकाची व्यवस्था अद्याप लागू झालेली नव्हती. ती १९६७ च्या विकास नियंत्रण नियमांनी आली. १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कही आणले. बांधून झालेल्या भूखंडावर आणखी बांधता येण्याची शक्यता अशा प्रकारे मौल्यवान झाली आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर ज्याचे नाव, त्याच्याच पदरात ती पडे. ग्राहकाने नकाशावर पाहिलेल्या बागेच्या जागी दुसरी इमारत उभी राहण्याचे आर्थिक कारण येथे सापडते.

मूळ कलम ७ प्रमाणे नकाशा दाखवून करार झाल्यावर सर्व सदनिकाधारकांच्या संमतीशिवाय अतिरिक्त इमारत बांधता येत नसे. १९८६ च्या दुरुस्तीने हे बंधन शिथिल केले, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. विधिमंडळाने ग्राहकाच्या हातातील बळकट शस्त्र बोथट केले, असेच म्हणावे लागते. २००७ मध्ये जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण प्रकल्पाचा आराखडा ग्राहकापुढे प्रारंभीच उघड करण्याच्या कर्तव्यावर भर दिला. त्यामुळे मूळ संरक्षणाचा काही अंश परत मिळाला. पुढे २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. प्रवर्तकाने दस्त करून न दिल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून एकतर्फी हस्तांतरण मिळविण्याचा मार्ग खुला झाला. पंचेचाळीस वर्षांच्या अपयशाची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

१ मे २०१७ पासून ‘रेरा’ कायदा पूर्णतः अमलात आला. प्रकल्पाची नोंदणी, ७० टक्के रकमेसाठी स्वतंत्र खाते, आराखड्यातील मोठ्या बदलास दोन-तृतीयांश ग्राहकांची संमती आणि तक्रारींसाठी नियामक प्राधिकरण या तरतुदींनी मोफातील यंत्रणेची उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. जमिनीबाबत मात्र राज्याच्या नियमांत जुना धागा टिकून आहे. अनेक इमारतींच्या प्रकल्पात संपूर्ण भूखंडाचे हस्तांतरण शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच देय होते. आणि शेवटची इमारत केव्हा बांधावयाची, हे मुख्यतः प्रवर्तकच ठरवितो.