शलाका आणि ओहोटी

हरिहरेश्वरी प्रदक्षिणेची वेळ समुद्र ठरवतो. काळभैरवाच्या देवळाकडून टेकडी चढून खडकातल्या पायऱ्यांनी पाण्यापाशी उतरणारी ती वाट भरतीत बुडते. ओहोटी लागली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोरलेले कातळ उघडे पडतात आणि लोक चालू लागतात. पेशव्यांच्या या कुलदैवतापाशी एका दुपारी आम्ही पाणी ओसरण्याची वाट पाहत बसलो होतो. हातातले पुस्तक मात्र भलत्याच प्रदक्षिणांचे होते : इलेक्ट्रॉनांना फिरवणाऱ्या वेगवर्धक यंत्रांच्या इतिहासाचे.

या इतिहासाबद्दल आमची एक तक्रार आहे. तो ऊर्जेच्या आकड्यांनी लिहिला जातो. अमुक साली इतकी, तमुक साली तितकी. राजवंशांच्या सनावळ्या आणि हा इतिहास यांत मग फारसा फरक उरत नाही. इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाही. तो नळीत आहे हे कोणी आणि कशाने पाहिले, हा प्रश्न परिशिष्टात ढकलला जातो. आमच्या मते मुख्य कथा तीच आहे. मराठी विज्ञानलेखनात इलेक्ट्रॉनांच्या झोताला ‘शलाका’ म्हणतात, आणि शलाका म्हणजे डोळ्यांत अंजन घालायची काडीही. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात हे होते की नव्हते, कोण जाणे. पण शब्द चपखल बसला आहे.

अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन ब्लूएट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बीटाट्रॉन नावाच्या यंत्रात एक शोध घेतला. वळणावर वेगवान इलेक्ट्रॉन प्रारण टाकतात आणि ऊर्जा गमावतात, असे सिद्धान्त सांगत होता. इलेक्ट्रॉनांची कक्षा आकसते आहे, म्हणजे ऊर्जा जाते आहे, हे ब्लूएट यांना आढळले. प्रकाश मात्र दिसला नाही, कारण यंत्राची नळी अपारदर्शक होती. त्याच प्रयोगशाळेतल्या पुढच्या यंत्राची, सिंक्रोट्रॉनची, नळी पारदर्शक होती. २४ एप्रिल १९४७ रोजी फ्लॉइड हेबर या तंत्रज्ञाने काँक्रीटच्या भिंतीआडून आरशात डोकावले, ते नळीत कुठे ठिणग्या उडताहेत का हे पाहायला. त्याला दिसला तो इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा प्रकाश. प्रकाश दोन्ही यंत्रांत होता. काच एकाच यंत्रात होती.

आपल्याकडे ही कथा इंदूरला घडली, होळकरांच्या, जुन्या मराठी वस्तीच्या शहरात. तेथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ सालची. पुढे त्याला राजा रामण्णांचे नाव मिळाले. दीर्घकाळ संचालक होते दिलीप भवाळकर. इंडस-१ हे वलय १९९९ मध्ये आणि इंडस-२ हे २००५ मध्ये सुरू झाले. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर. इलेक्ट्रॉन तेथे सेकंदाला १७ लाखांहून अधिक प्रदक्षिणा घालतात. अशी शलाका पाहायची कशी? सर्वांत साधा उपाय म्हणजे तिच्या मार्गात चकाकणारा पडदा सरकवायचा आणि कॅमेऱ्याने ठिपका टिपायचा. ठिपक्याचा आकार, जागा, सारे कळते. पण शलाका तेथेच संपते किंवा बिघडते. पाहणे आणि राखणे एकाच वेळी जमत नाही. वलयात म्हणून दुसरी युक्ती असते. नळीच्या भिंतीत चार छोटे विद्युतअग्र बसवतात. विद्युतभारित पुंज जवळून जाताच चारांत कमीअधिक स्पंद उमटतात आणि त्यांच्या तुलनेवरून शलाका मध्यापासून किती ढळली ते मोजता येते. तिला हात लावावा लागत नाही. तिचा आकार पाहायचा तर हेबरला दिसलेला तोच प्रकाश खिडकीतून बाहेर घेतात.

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमध्ये ही नजर आणखी काटेकोर लागते. जॉन मेडी यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या कल्पनेत इलेक्ट्रॉनांचा पुंज आलटूनपालटून ध्रुव बदलणाऱ्या चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातो आणि आपल्याच प्रकाशाशी ताल जुळवतो. पुंज आणि प्रकाश एकमेकांवरून जरा ढळले की लेसर उमटतच नाही. इंदूरच्या अवरक्त लेसरने २०१६ मध्ये पहिली चाहूल दिली. तिथवरचे बरेचसे काम शलाका शोधण्याचे, सावरण्याचे असते. ते सनावळीत बसत नाही.

आता समुद्राकडे. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या लेप वलयात शलाकेची ऊर्जा फार बारकाईने मोजत असताना ती विनाकारण बदलते असे दिसे. चंद्र सागराला ओढतो तसा भूकवचालाही ओढतो. वलयाचा परीघ त्यामुळे सुमारे एका मिलिमीटरने कमीजास्त होई. कणांच्या वाटेची लांबी रेडिओ लहरींनी बांधलेली, चुंबक मात्र जमिनीबरोबर सरकणारे. कण चुंबकांच्या मध्यापासून किंचित ढळत आणि ऊर्जा बदले. नोव्हेंबर १९९२ मध्ये पौर्णिमेच्या सुमारास तासन्‌तास मोजमाप केले, तेव्हा ऊर्जेचा आलेख भरतीओहोटीबरोबर हलताना दिसला. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, जमिनीखाली, इलेक्ट्रॉनांना भरती लागत होती.

हे पान संपेपर्यंत पायऱ्यांखालचा कातळ उघडा पडला होता. शेवाळाने निसरडा होता. पुस्तक पिशवीत टाकून, चपला हातात घेऊन आम्ही उतरलो.